घरच्या साध्या जेवणात खरोखर गोडी असते, की ती मानून घ्यावी लागते?

उंबरठा यांचा प्रश्न

आमच्या घरी आम्ही दोघे आहोत आणि दोघेही नोकरी करतो. मधली काही वर्षे रात्रीचे जेवण बहुतेक वेळा बाहेरूनच येत असे. वाढता खर्च आणि पोटाच्या तक्रारी या दोन्हींचा कंटाळा आल्यामुळे आता आम्ही घरीच स्वयंपाक करू लागलो आहोत. तब्येतीच्या दृष्टीने हा निर्णय योग्य ठरला याबद्दल मला शंका नाही. अडचण वेगळीच आहे. ताटात भात किंवा ब्रेड, एखादी भाजी, कधी अंडे, कधी सूप असे काहीतरी असते, त्यात नाव ठेवण्यासारखे काही नसते, आणि तरीही अर्धे जेवण होण्याआधीच माझा हात मोबाइलकडे जातो. जेवण होत नाही, उरकले जाते.

छोट्या गोष्टींतल्या आनंदाविषयी पुष्कळ लिहिले जाते, पण ते वाचताना मला दर वेळी असे वाटते की ज्याच्यापुढे दुसरा पर्याय नाही त्याने समोर आहे तेच गोड मानून घ्यावे, एवढाच त्याचा मथितार्थ असावा. म्हणून सरळ विचारतो. साध्या जेवणात स्वतःची अशी गोडी असते, की ती आपणच मनाची समजूत घालून निर्माण करतो? असल्यास ती अंगी बाणवता येते का? आणि स्वयंपाकाखेरीज घरातली जी रोजची कामे असतात, म्हणजे कपड्यांच्या घड्या, आवराआवर, भांडी, त्यांच्याबाबतही हेच म्हणता येईल का?

एक विनंती आहे. चमचमीत पदार्थांच्या कृती कृपया सुचवू नयेत. तसे पदार्थ रोज करण्याइतका वेळ आमच्याकडे नाही, आणि माझा प्रश्नही तो नाही.

मंद_आच यांचे उत्तर

तुमचा प्रश्न मनाविषयी आहे, पण त्याचा निदान अर्धा भाग चुलीपाशीच सुटण्यासारखा आहे असे मला वाटते. साधे आणि बेचव या दोन गोष्टी आपण नकळत एकच धरून चालतो. पदार्थात घटक कमी असतील तर प्रत्येक घटकाकडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण चूक झाकायला दुसरे काही नसते. बाहेरच्या जेवणात तेल, मीठ आणि साखर सढळ हाताने घातलेली असल्यामुळे कच्चे राहिलेले किंवा घाईत शिजवलेले बरेच काही खपून जाते. घरी तेच घाईचे शिजवणे, पण तेल-मीठ मात्र बेताचे, असे झाले की जेवण सपक लागते, आणि दोष मग साधेपणाच्या माथी मारला जातो.

कांद्याचेच पाहा. तापलेल्या तेलात चिरलेला कांदा टाकला की पहिली काही मिनिटे विशेष काही घडताना दिसत नाही. कांद्यात वजनाच्या जवळजवळ नऊ दशांश पाणी असते, आणि हे पाणी असेपर्यंत त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर चढत नाही. तपकिरी रंग आणि खमंग वास देणारी जी प्रक्रिया असते, ती साधारण १४० अंशांच्या पुढे वेग धरते. प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यातील या प्रक्रियेचे वर्णन लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केले आणि तिला आजही त्याचेच नाव आहे. याचा स्वयंपाकघरातला अर्थ असा, की पाणी उडून जाण्याआधी पुढची भाजी कढईत ढकलली तर कांदा खमंग न होता नुसता उकडतो. हे समजायला घड्याळ लागत नाही, कान पुरतात. सुरुवातीचा ओला, भरगच्च चरचराट हळूहळू विरळ होतो, मग बारीक तडतड सुरू होते, कांद्याच्या कडा आधी पारदर्शक आणि नंतर सोनेरी दिसू लागतात, आणि नाकाला झोंबणारा वास जाऊन गोडसर वास येतो. तुम्हाला हवी असलेली गोडी इथून सुरू होते, आणि तिच्यासाठी घटक एकही वाढवावा लागत नाही, फक्त दहा-पंधरा मिनिटे अधिक द्यावी लागतात.

मिठाबद्दल दोन शब्द. मीठ पदार्थाला खारट करतेच, शिवाय कडवटपणा दाबते, आणि कडवटपणा दबला की त्याखाली लपलेली गोड चव वर येते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या चवीवरील एका संशोधनात हे स्पष्ट दाखवण्यात आले होते. म्हणूनच बटाटा किंवा हिरवी भाजी उकळताना पाण्यातच मीठ घालावे. ते आतपर्यंत मुरते. शिजल्यावर वरून भुरभुरलेले मीठ जिभेला आधी खारट लागते आणि आतला बटाटा अळणीच राहतो. एवढे करूनही चव अपुरी वाटली तर आणखी मीठ घालण्याआधी लिंबाचे चार थेंब पिळून पाहा. पुष्कळदा उणीव आंबटपणाची असते आणि आपण ती मिठाने भरून काढू पाहतो.

पिकलेल्या टोमॅटोतही असाच एक ठेवा असतो. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्रशैवालाच्या अर्कातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि खारट, आंबट, गोड, कडू या चारांहून निराळी अशी ही चव असल्याचे मांडले. पूर्ण पिकलेल्या टोमॅटोत हे ग्लुटामेट भरपूर असते, कच्चटात फारच कमी. सूप साधेच असावे, पण टोमॅटो लालभडक आणि मऊ असावा. इतकी चिकित्सा मात्र करावी.

शेवटचे म्हणजे जेवण गरम असतानाच बसावे. चव म्हणून आपण जे अनुभवतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो. घास चावताना त्याची वाफ घशामागून नाकापर्यंत पोहोचते आणि सर्दी झाली की सगळेच मचूळ लागते ते याच कारणाने. पदार्थ थंड झाला की हा वास फारसा उठत नाही. मोबाइलवरचे एक काम संपवून मग बसू असे म्हणत जी दहा मिनिटे जातात, त्यांत ताटातले बरेच काही उडून गेलेले असते.

ओळींमधले यांचे उत्तर

मंद_आच यांनी कढईची बाजू इतकी चांगली मांडली आहे की तिच्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मी तुमच्या शंकेकडे वळतो, कारण ती मला रास्त वाटते. समजूत घालणे आणि आनंद होणे यांत फरक आहे, आणि ज्याला तो फरक जाणवतो त्याला नुसत्या उपदेशाने समाधान मिळणार नाही.

रोजच्या सुखाची धार बोथट कशाने होते, याचे एक उत्तर १९७८ सालच्या एका अभ्यासात मिळते. फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या २२ जणांची तुलना तशी रक्कम न जिंकलेल्या लोकांशी केली. जिंकणारे एकंदरीत इतरांपेक्षा विशेष सुखी आढळले नाहीत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सकाळचा नाश्ता, मित्राशी गप्पा, मासिक वाचणे, विनोद ऐकणे अशा नित्याच्या गोष्टींतून मिळणारा आनंद त्यांनी कमी असल्याचे सांगितले. अभ्यास छोटा होता आणि त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, हे मान्य आहे. तरी रोज बाहेरचे तीव्र चवीचे जेवण घेण्याची सवय लागलेल्या जिभेला घरचा भात फिका का वाटावा, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. आपण मोजतो ते आपल्या ताज्या सवयीच्या मापाने.

हे माप खाली आणता येते, ही त्यातली आशेची बाजू. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही लोकांना आठवडाभर चॉकलेट अजिबात खाऊ नका असे सांगण्यात आले, काहींना भरपूर चॉकलेट देऊन हवे तितके खा असे सांगण्यात आले, आणि उरलेल्यांना कोणतीच सूचना दिली नाही. आठवड्यानंतर सर्वांना पुन्हा चॉकलेट दिले तेव्हा वर्ज्य करणाऱ्यांना ते इतरांपेक्षा अधिक आवडले. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस, ज्याचे नाव आज बहुतेक वेळा चंगळवादाशी जोडले जाते, तो इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकांत नेमके हेच सांगत होता. भुकेल्याला ब्रेड आणि पाण्यातही पराकोटीचे सुख मिळते, आणि साध्या अन्नाची सवय असली की अधूनमधून वाट्याला येणाऱ्या मेजवानीचा आस्वादही अधिक चांगला घेता येतो, असे त्याचे म्हणणे होते. त्याने मेजवानीला बंदी केलेली नव्हती हे लक्षात घ्यावे. तुम्हीही बाहेरचे जेवण पूर्ण बंद करण्याची गरज नाही. ते रोजचे राहू नये, इतकेच.

भूक हा शब्द मी मुद्दाम वापरला. तुम्ही संध्याकाळी कामावरून परतल्यावर बिस्किटे, फरसाण किंवा तत्सम काही तोंडात टाकत असाल, तर रात्रीचे जेवण अर्ध्या भुकेवर होते, आणि अर्ध्या भुकेला साधे अन्न कधीच रुचत नाही. हे इतके उघड आहे की कोणी सांगत नाही.

आता मोबाइलविषयी. २०१३ साली नेदरलँड्समधील दोन संशोधकांनी असे दाखवले की आकड्यांची लांबलचक मालिका लक्षात ठेवण्याचे काम डोक्यात चालू असताना लोकांना आंबट, गोड आणि खारट चवी कमी तीव्र लागतात. जेवताना वाचलेले ईमेल आणि बातम्या यांचा भार असाच असतो. तेव्हा तुमची भाजी फिकी आहे म्हणून हात मोबाइलकडे जातो हे खरे असेल, पण हात मोबाइलकडे जातो म्हणून भाजी फिकी लागते हेही तितकेच खरे आहे, आणि या दोहोंपैकी दुसरी गोष्ट तुमच्या हातात आहे. तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर विचाराल तर मी म्हणेन की साध्या जेवणात गोडी असतेच, तिची पातळी मात्र मंद असते, आणि मंद गोष्ट कळायला आजूबाजूचा गोंगाट कमी असावा लागतो. यात मनाची समजूत घालण्याचा प्रश्न येत नाही.

तिसरी_खुर्ची यांचे उत्तर

वरची दोन्ही उत्तरे मला पटली, परंतु त्यांत एक माणूस कुठेच दिसला नाही. कांद्याला दहा-पंधरा मिनिटे अधिक द्यावीत हे ठीक आहे. ती कोणी द्यावीत? गरम ताटावर लगेच बसावे हेही ठीक आहे; वाढणाऱ्याने केव्हा बसावे?

घरगुती सुखाचे गोडवे गाणाऱ्या बहुतेक लिखाणात सुख उपभोगणारा एक असतो आणि राबणारा दुसरा, आणि राबणाऱ्याकडून अशी अपेक्षा असते की त्याने, किंबहुना तिने, राबण्यालाच सुख म्हणावे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ सालच्या अहवालानुसार जगभरात बिनमोल घरकाम आणि संगोपन यांवर खर्च होणाऱ्या एकूण तासांपैकी ७६.२ टक्के तास स्त्रियांचे असतात. हा आकडा समोर ठेवल्याशिवाय घड्या घालण्यातील आनंदाविषयी बोलणे मला अवघड जाते. एखादे काम आपण निवडले असेल, किंवा निदान आज नको म्हणण्याची मुभा आपल्याला असेल, तर त्यात मन रमू शकते. तीच गोष्ट वर्षानुवर्षे, न विचारता, एकाच्याच अंगावर पडत असेल तर त्यातली लय, त्यातला वास, त्यातले रंग यांपैकी काहीही जाणवेनासे होते, आणि त्यात त्या व्यक्तीच्या रसिकतेचा दोष नसतो.

उंबरठा, तुम्ही स्वतः स्वयंपाक करता की नाही हे तुमच्या प्रश्नावरून समजले नाही. तुम्ही "आम्ही घरीच स्वयंपाक करू लागलो आहोत" असे लिहिले आहे, आणि या "आम्ही"त नेमके कोण येते हे कळल्याखेरीज तुम्हाला कोणता सल्ला द्यावा हे ठरवता येणार नाही. विचारण्यामागे टोमणा मारण्याचा हेतू नाही. ओळींमधले यांनी जसे संशोधनाचे दाखले दिले, तसाच एक मीही देते. त्याच २०१३ सालच्या एका अभ्यासात असे आढळले की खाण्याआधी एखादा छोटासा ठरावीक विधी केला तर तेच खाद्य अधिक रुचकर लागते, पण तो विधी स्वतः करावा लागतो. दुसऱ्याने केलेला नुसता पाहून तसा परिणाम होत नाही. माझ्या मते तुमच्या कंटाळ्याचे एक कारण इथेही सापडू शकेल. ज्याने भाजी निवडलेली नाही, कांदा परतलेला नाही, वाफेने चष्म्याच्या काचा धुरकटून घेतल्या नाहीत, त्याच्यासमोर ताट येते ते बाहेरून आलेल्या डब्यासारखेच येते. मग तो त्याची तुलना डब्याशीच करणार.

कामे वाटून घेताना पूर्ण काम घ्यावे, मदत करू नये, हे आणखी एक. "सांग काय चिरून देऊ" असे म्हणणारा हात मोकळे करतो, पण आज काय करायचे, घरात काय संपले आहे, कालचे काय उरले आहे, हा सगळा विचार दुसऱ्याच्याच डोक्यात राहतो, आणि दमवतो तो विचारच. आठवड्यातले काही दिवस तुमचे असतील तर त्या दिवशी ठरवण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत सारे तुमचे असू द्या. गोडी लागेल की नाही याची हमी मी देत नाही. निदान ती का लागत नाही हे तुम्हाला प्रत्यक्ष कळेल.

एकच_ताट यांचे उत्तर

मी एकटी राहते, त्यामुळे वाटून घेण्याचा प्रश्न माझ्याकडे येत नाही; एकट्यासाठी कशाला करायचे, हा प्रश्न मात्र रोज येतो. माझा अनुभव थोडक्यात सांगते. पातेल्यातून उभ्या उभ्या खाल्लेले अन्न आणि तेच अन्न ताटात काढून, टेबल पुसून, पाण्याचा पेला शेजारी ठेवून खाल्लेले, यांत मला फरक पडतो. वरच्या उत्तरातला विधी म्हणजे बहुधा हेच असावे. मी अंडे उकडते तेव्हा ते सोलून सुरीने बरोबर मधोमध कापते आणि पिवळ्या बलकावर मिरपूड टाकते. पाहायला कोणी नसते. मला ते तसे कापलेले आवडते, म्हणून कापते.

उंबरठा यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. तिसरी_खुर्ची यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते टाळणे बरे दिसणार नाही. स्वयंपाक बहुतांशी माझी पत्नी करते, मी भांडी घासतो आणि बाजारहाट करतो. म्हणजे कामाचे तास कदाचित सारखे भरतील, पण अन्नाशी माझा संबंध पिशवी आणण्यापुरता आणि ताट धुण्यापुरताच येतो, हे मला तुमचे उत्तर वाचताना जाणवले. मंगळवार आणि शुक्रवार मी मागून घेतले आहेत. पत्नीने लगेच होकार दिला, आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात फिरकणारही नाही असे बजावून सांगितले.

मंद_आच यांनी सांगितलेला कांद्याचा आवाज काल लक्ष देऊन ऐकला. तडतड सुरू झाल्यावर वास खरोखरच बदलतो.

दोन शंका उरल्या आहेत. ओळींमधले यांचा मुद्दा मान्य करूनही प्रत्येक घासाकडे लक्ष देत जेवणे मला कष्टाचे वाटते. तसे केले तर जेवण ही आणखी एक जबाबदारी होऊन बसेल आणि जेवताना घरात बोलणेही खुंटेल. दुसरी शंका व्यवहाराची आहे. नोकरी सांभाळून रोज ताजे करणे जमत नाही, भात हमखास उरतो, आणि दुसऱ्या दिवशी तो कडक झालेला असतो. त्याचे काय करावे?

ओळींमधले यांचे उत्तर

प्रत्येक घासाकडे लक्ष देण्याची मुळीच गरज नाही, आणि तसे करू पाहणारा माणूस सोबत जेवायला बसला तर इतरांची पंचाईतच होते. एकच पदार्थ खात गेल्यावर त्या विशिष्ट चवीची रुची घासागणिक उतरत जाते, आणि वेगळ्या चवीची रुची मात्र टिकून राहते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून संशोधकांनी हे वारंवार नोंदवले आहे. त्यामुळे पहिले चार-पाच घास शांतपणे घेतलेत तरी जेवणातला मोठा आनंद तुमच्या पदरात पडतो. पुढे खुशाल गप्पा माराव्यात. गप्पांनी लक्ष विचलित होते हे खरे आहे, पण त्या ताटाभोवतीच्या असतात आणि त्या जेवणाचा भाग होऊन जातात. मोबाइल माणसाला ताटावरून उठवून दुसरीकडे नेतो. याच कारणाने ताटात एखादी छोटी, वेगळ्या चवीची किंवा कुरकुरीत गोष्ट असावी, मग ती काकडीची चकती का असेना. मऊ भात खाऊन जीभ सुस्तावली की ती पुन्हा जागी होते.

दोरीवरचे_कपडे यांचे उत्तर

मूळ प्रश्नातला घड्यांचा आणि आवराआवरीचा भाग सर्वांनी वगळला आहे, म्हणून लिहितो. सर्वच घरकामांत गोडी असते असे मला वाटत नाही, आणि तसे भासवूही नये. तुंबलेले बेसिन साफ करण्यात कोणाला आनंद झाल्याचे मी ऐकलेले नाही. ती कामे लवकर आटोपावीत आणि विसरून जावे. ज्या कामात हाताला काहीतरी जाणवते आणि संपल्यावर डोळ्यांना काहीतरी दिसते, तीच कामे मन धरून ठेवतात, आणि कपडे त्यांतले आहेत.

उन्हात वाळलेल्या कपड्यांना जो वास येतो, तो आपल्या मनाचा खेळ नाही. २०२० साली रसायनशास्त्रज्ञांनी धुतलेले टॉवेल उन्हात, सावलीत आणि घरात वाळवून तपासले, तेव्हा उन्हातल्या टॉवेलांवर काही विशिष्ट अल्डिहाइड आणि कीटोन सापडले. ओल्या कापडावर सूर्यप्रकाश पडल्याने होणाऱ्या अभिक्रियांतून ती तयार होत असावीत असे त्यांचे अनुमान आहे. यांपैकी काही संयुगे वनस्पतींमध्ये आणि अत्तरांतही आढळतात. दोरीवरून चादर काढताना ती छातीशी धरली की उबदार लागते आणि किंचित खरखरीत असते. दोघांनी दोन टोके धरून ती झटकली, ताणली आणि मधोमध दुमडली तर घडी सरळ बसते, एकट्याने घातली तर तिरकी. आमच्या घरी मुलगी वडिलांशी, म्हणजे माझ्याशी, शाळेतल्या गोष्टी बोलते ती याच वेळी, कारण हात गुंतलेले असतात आणि एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही. समोर बसवून "आज काय झाले" असे विचारले तर "काही नाही" एवढेच उत्तर मिळते.

तेव्हा उंबरठा, सगळ्या घराच्या प्रेमात पडण्याचा संकल्प करू नका. दोन-तीन कामे आपली म्हणून निवडा आणि ती घाईविना करा. बाकीची उरका.

मंद_आच यांचे उत्तर

भाताच्या शंकेचे उत्तर राहिले होते. शिजताना फुगलेल्या स्टार्चचे रेणू थंड झाल्यावर पुन्हा घट्ट रचले जातात, त्यामुळे दाणा कडक होतो. भात खराब झाल्याचे ते लक्षण नव्हे. पुन्हा तापवला की ही रचना बरीचशी सैल होते. त्यावर चमचाभर पाणी शिंपडून, झाकण ठेवून, मंद आचेवर वाफ आणावी, म्हणजे तो पुन्हा मऊ होतो. परतायचा असेल तर मात्र थंड, कडक भातच चांगला, कारण त्याचे दाणे सुटे राहतात आणि कढईत लगदा होत नाही. तुमच्या शुक्रवारसाठी ही सोय करून ठेवा. गुरुवारी भात थोडा जास्त शिजवावा, शुक्रवारी कांदा तडतडेपर्यंत परतून त्यात तो मोकळा करावा, एक अंडे फोडून घालावे आणि शेवटी लिंबू पिळावे.

एका बाबतीत मात्र निष्काळजीपणा करू नये. शिजवूनही तग धरणारे काही जिवाणूंचे बीजाणू भातात असू शकतात, आणि भात तासन्‌तास ओट्यावर तसाच राहिला तर ते वाढून विष तयार करतात, जे नंतर तापवूनही नाहीसे होत नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर निववावा आणि शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी संपवावा, आणि खाताना वाफा येईपर्यंत पूर्ण गरम करावा. रात्रभर बाहेर राहिलेला भात वासाला चांगला वाटला तरी टाकून द्यावा.

एकच_ताट यांना एक सुचवतो. अंड्याचा बलक मधोमध हवा असेल तर उकळताना पहिली काही मिनिटे पाणी चमच्याने हलकेच ढवळत राहा, म्हणजे अंडे फिरत राहते आणि पांढरा भाग बसेपर्यंत बलक एका बाजूला सरकत नाही.